मृगजळात खोटे काय?

शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या घरातून खालिद लगूनचे पाणी दिसते, पण सध्या माझ्या कॉम्प्युटरवर आहे ते वाळवंट: म्लैहाच्या बाजूचे, भर दुपारचे, क्षितिजाशी मृगजळ चमकणारे. ॲनिमेशनपटांसाठी निसर्गदृश्यांतले एफएक्स करणे हा माझा व्यवसाय. लाटा, धूर, धूळ, पाऊस रोजचेच. मृगजळ मात्र प्रथमच वाट्याला आले, आणि लहानपणापासून ऐकलेल्या एका दृष्टांताकडे मला नव्याने पाहावे लागले.

आमचे आजोबा वारकरी. त्यांच्याबरोबर ऐकलेल्या कीर्तनांत, जग मिथ्या आहे हे सांगायची वेळ आली की बुवा मृगजळावर येत. पाणी दिसते, पण नसते, जगाचेही तसेच.

पण मृगजळ रचताना पाणी कुठेच घालावे लागत नाही. तापलेल्या वाळूलगतची हवा विरळ, तिच्यावरची त्या मानाने दाट. अगदी तिरपा येणारा प्रकाश या फरकामुळे वर वळतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसू लागतो. मी हवेचे थर मांडले, प्रत्येकाला तापमान दिले, थोडी थरथर दिली. रेंडरमध्ये चकाकी आपली आपण उतरली. दिसत होते ते दृश्यातलेच आकाश, वेगळ्या जागी. वरून खोटे असे मी काहीही मिसळले नव्हते.

शंकराचार्यांनी जगाला व्यावहारिक सत्ता दिली आहे आणि मृगजळाला त्याहून खालची, प्रातिभासिक; हा भेद कीर्तनात बहुधा सुटून जातो. तरीही दोन्हींच्या मुळाशी अविद्या धरावीच लागते. ज्ञानदेव इथेच अडवतात. ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण, ग्रंथातले सर्वांत मोठे, या अज्ञानाच्याच खंडनाला दिले आहे. अज्ञान राहते कुठे? ज्ञानापाशी ते टिकत नाही, आणि ज्ञानावाचून ते आहे हे कळणार कोणाला? ते नाहीच, तर जग झाकणारे, भासवणारे दुसरे काही उरत नाही. जे दिसते तो चैतन्याचाच विलास. माझ्या मृगजळाने मला याच बाजूला नेले.

पडद्यावरचे पाणी कोणाला भिजवत नाही, म्हणून असे बोलणे सोपे, असे कोणी म्हणेल. पण १६ एप्रिल २०२४ चा पाऊस मी इथे राहून पाहिला आहे. १९४९ पासूनच्या नोंदींत या देशात एवढा पाऊस कधी झाला नव्हता. अल ऐनकडच्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. शारजाचे रस्ते बुडाले, गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, कितीतरी कुटुंबे इमारतींत अडकली. ते पाणी मिथ्या होते असे सांगून ज्यांचे घर भिजले त्यांची समजूत काढणे मला क्रूर वाटते. विलास म्हटल्याने ते दुःख हलके होत नाही हेही खरे, पण निदान ते नाकारले तरी जात नाही.

माझ्या मजल्यावरची इजिप्तची शेजारीण, अल नूर मशिदीत जाणारी, माझे काम पाहून म्हणाली, रूप देणारा तो एकच, आणि तो आपल्या निर्मितीहून वेगळा. तिची श्रद्धा मला आदरणीय आहे, आणि माझे काम वरवर तरी तिचीच साक्ष देते: मी सिम्युलेशनच्या बाहेर बसते, मशीन बंद केले की लाट संपते, मला काही होत नाही.

मात्र मृगजळ एवढ्यावर सुटत नाही. कॅमेरा जमिनीजवळ आहे तोवरच ते आहे. थोडा उंच नेला की थर, तापमान, आकाश सगळे तसेच राहते आणि चकाकी जाते. म्हणजे ते पाहणाऱ्यासकटच घडते. माझ्या शॉटमध्ये ती नजर मी बाहेरून ठेवली आहे. म्लैहाच्या वाळूत उभे राहिले, तर पाहणारा डोळा त्याच उन्हात, त्याच हवेत असतो. म्हणून माझ्या सिम्युलेशनवरून जगाच्या कर्त्याविषयी निष्कर्ष काढायला मी तयार नाही. द्रष्टा आणि दृश्य वेगळे काढताच येत नाहीत, हे ज्ञानदेवांचे म्हणणे माझ्या पडद्यात मावत नाही, आणि मला ते पटते.