चाकूचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्या यादीत चाकूचा समावेश नाही. तेव्हा माझ्या टेबलावर पडून असलेल्या एका मिटत्या चाकूचे कूळ मी शोधू लागलो आणि भलत्याच प्रश्नापाशी येऊन ठेपलो. वारसा म्हणजे नेमके काय, आणि तो कोणाचा?

हा चाकू फ्रान्सचा. दक्षिणेकडच्या ओब्राक पठारावर, सुमारे १००० मीटर उंचीवर, लायोल नावाचे गाव आहे. गुराख्यांचे आणि चीजचे. तिथे १८२९ साली काल्मेल्स नावाच्या कारागिराने हा चाकू घडवला, असे मानतात. मूठ किंचित वळलेली, पाते सडपातळ. पुढे १८४० च्या सुमारास त्याला आरी जोडली गेली. पोट फुगलेल्या जनावराचे पोट टोचून वायू मोकळा करायला गुराख्याला तिचा उपयोग होई. १८८० च्या सुमारास बूच काढायचे मळसूत्र आले, कारण गावची मंडळी पोटापाण्यासाठी पॅरिसला जाऊन उपाहारगृहे चालवू लागली होती. स्प्रिंगवरची ती प्रसिद्ध मधमाशी तर विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. नेपोलियनने ती बहाल केल्याची कथा सांगतात. पण कथाच ती.

म्हणजे पाहा, ज्याला आपण ‘परंपरागत’ म्हणतो ते एका दिवसात जन्मलेले नसते. आजची परंपरा ही कालची सोयच असते. लोक तिला हात लावत, तिच्यात भर घालत आले, म्हणून ती जगली.

पण विसाव्या शतकात गावातली ही कारागिरी जवळजवळ थांबली. हा चाकू घडत राहिला तो उत्तरेकडच्या तिएर शहरात, तिथल्या लोहारांच्या हातून. १९८७ मध्ये लायोलला पुन्हा कारखाना उभा राहिला. त्याची इमारत फिलिप स्टार्क या नामवंत रचनाकाराने योजली. छपरातून १८ मीटरचे पाते आकाशात घुसलेले! चाकूलाही त्याने अॅल्युमिनियमची साधी मूठ दिली. जुन्या लोकांना हा अधर्म वाटला असेल. मला तसे वाटत नाही. जुना घाट समजून घेऊन आपल्या काळाचे साहित्य वापरणे, हेच तर आरी जोडणाऱ्यानेही केले होते. उलट बाजारात स्वस्त नकला मिळतात. त्यांच्यावर मधमाशी असते, पण पाते लोण्यापलीकडे काही कापत नाही. रूप राखले आणि सचोटी सोडली, तर त्याला वारसा म्हणायचे का?

खरा पेच पुढेच आहे. १९९३ साली एका व्यापाऱ्याने ‘लायोल’ हे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले आणि त्या नावाने नाना वस्तू विकायला काढल्या. गाव कोर्टात गेले. २०१२ मध्ये निकाल विरुद्ध गेला, तेव्हा निषेध म्हणून गावकऱ्यांनी आपल्याच गावाच्या नावाची पाटी उतरवली. खटले पुढेही चालले. कायदा विचारतो, नाव आधी कोणी नोंदवले? मन विचारते, नाव कोणी कमावले?

आपले मन चटकन गावाच्या बाजूने कौल देते. पण मग तिएरच्या लोहारांचे काय? गावाने भाते विझवले तेव्हा त्यांनीच हा चाकू जिवंत ठेवला. केवळ त्यांचा पत्ता वेगळा म्हणून त्यांना उपरे ठरवणे मला न्यायाचे वाटत नाही.

मला वाटते, आपण वारशाला मालमत्ता समजतो, इथेच घोटाळा होतो. मालमत्तेवर हक्क सांगता येतो. आपल्या पूर्वजांनी मात्र ऋण हा शब्द योजला. ऋण ज्याच्याकडे आहे त्याने ते फेडायचे असते. चाकूच्या बाबतीत ते फेडायचे म्हणजे पाते उत्तम घडवायचे, मोडले तर दुरुस्त करून द्यायचे, आणि ते कोणी कोठे घडवले ते खरे सांगायचे. हे जो करील, तो गावातला असो वा बाहेरचा, जुना घाट राखणारा असो वा नवा देणारा, तो त्या कुळातला. जो करत नाही, त्याच्याकडे नोंदणीचा कागद असला तरी वारसा नाही.

फ्रान्समध्ये चाकू भेट मिळाला की घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवायचे, अशी रीत आहे; नाहीतर स्नेह कापला जातो म्हणतात. फुकट काही घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ मी घेतो. दिवाळीत घरोघरी भेटी येतात, आजोबांच्या वेळची समई उजळून निघते. तिच्यात तेल घालणे, हेच आपल्या बाजूचे नाणे.