हयातीचा दाखला

भक्ताला मत असू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. भक्ताने टाळ वाजवावा, प्रसाद घ्यावा आणि चपला सापडल्या तर त्या घालून घरी जावं. मूर्तीचं नाक जरा बसकं आहे, असं म्हणण्याचा अधिकार शिल्पकाराचा. देव जागृत आहे, असं सांगण्याचा अधिकार पुजाऱ्याचा. आणि दानपेटीचा हिशेब जुळत नाही, असं म्हणण्याचा अधिकार आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्यांचा.

बँकेचंही तत्त्व हेच आहे. स्वतःच्या मेव्हण्याचं कर्ज स्वतःच्या सहीने मंजूर करता येत नाही. मेव्हणा हरिश्चंद्राचा अवतार असला तरी नाही. (तसा तो सहसा नसतोच, हा भाग वेगळा.) जिथे जीव गुंतला तिथे निवाडा करू नये, एवढं शहाणपण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना असतं.

या न्यायाने पाहिलं तर पुढचा सबंध लेख रद्दबातल ठरतो. कारण मी मिक जॅगरचा भक्त आहे, आणि रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम कसा आहे, हे सांगायला निघालो आहे.

पण मग सांगणार कोण? जे भक्त नाहीत, त्यांनी तो ऐकलेलाच नाही. आमच्या हेडकॅशियरना डबा खाताना मी एक गाणं ऐकवलं. त्यांनी दीड मिनिट अत्यंत सभ्यपणे ऐकलं आणि मग विचारलं, "पंप जळाला का कुणाचा?" म्हणजे पाहा, ज्याचा जीव गुंतलाय त्याला निवाड्याचा अधिकार नाही, आणि ज्याचा गुंतलेला नाही त्याला निवाड्याची फुरसत नाही. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात या पेचाला काहीतरी भारदस्त नाव असेल. आम्ही कॉमर्सवाले त्याला 'सस्पेन्स अकाउंट' म्हणतो, आणि रक्कम तिथे टाकून पुढे जातो.

ज्यांना जॅगर फक्त टी-शर्टवरच्या लाल जिभेपुरता ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडा परिचय. हा मूळचा आमच्याच लाइनीतला माणूस. 1961 साली तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला गेला. विषय फायनान्स आणि अकाउंटिंग! त्याच वर्षी डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनवर त्याला लहानपणचा सोबती कीथ रिचर्ड्स भेटला. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्डी होत्या. त्यावरून बोलणं निघालं आणि 1962 साली रोलिंग स्टोन्स उभे राहिले. काखेत बुक-कीपिंगचं पुस्तक असतं, तर इंग्लंडला एक चांगला हिशेबनीस मिळाला असता. मीही रोज डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभा असतो. माझ्या काखेत डबा असतो. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

7 एप्रिल 2003 ला हा बँड मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर वाजला. जॅगर तेव्हा साठीला टेकलेला आणि मी चोविशीत. तो स्टेजभर धावत होता आणि धाप मला लागत होती. तरुणपणी हाच माणूस म्हणाला होता म्हणतात, की पंचेचाळिसाव्या वर्षी 'सॅटिस्फॅक्शन' गात बसण्यापेक्षा मेलेलं बरं. त्याची पंचेचाळिशी 1988 साली झाली. 'सॅटिस्फॅक्शन' तो 2024 च्या दौऱ्यातही गात होता, आणि त्या दौऱ्याची प्रायोजक होती अमेरिकेतली ज्येष्ठ नागरिकांची संघटना. माझी स्वतःची पंचेचाळिशी नुकतीच होऊन गेली. मी तरुणपणी असं काहीच बोललो नव्हतो, त्यामुळे मला गिळावंही काही लागलं नाही. सामान्य माणसाच्या आयुष्यात असे छोटे छोटे फायदे असतात.

'हॅकनी डायमंड्स' आला 20 ऑक्टोबर 2023 ला. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा अल्बम या मंडळींनी त्याआधी काढला होता तो 2005 साली. मधल्या अठरा वर्षांत जॅगरच्या हृदयाच्या झडपेवर 2019 साली शस्त्रक्रिया झाली आणि 2021 साली ड्रमर चार्ली वॉट्स गेला. 'हॅकनी डायमंड्स' म्हणजे लंडनच्या बोलीत फोडलेल्या काचेचा रस्त्यावर पडलेला चुरा. चोर गाडीची काच फोडून जातो, मागे राहतात ते हिरे. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या मालाला याहून प्रामाणिक नाव दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि मग सुरू झालं कौतुक. इथून तिथून सगळे एकच वाक्य म्हणू लागले, "ऐंशीव्या वर्षी! अहो, ऐंशीव्या वर्षी!" माझ्या भक्तमंडळातल्या एकाने मला रात्री साडेअकराला फोन करून हेच सांगितलं. मी म्हटलं, "वय मला ठाऊक आहे. गाणी कशी आहेत?" तो म्हणाला, "अरे, पण ऐंशीव्या वर्षी!"

इथे मला आमच्या बँकेतला नोव्हेंबर महिना आठवतो. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. हल्ली मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्याही हे काम होतं. पण पुष्कळांना आपण जिवंत असल्याचं मोबाइलपेक्षा माणसाला सांगितलेलं बरं वाटतं. मी कागद तपासतो, सही घेतो, शिक्का मारतो. समोरचा माणूस कसा जगतोय, याची चौकशी त्या फॉर्ममध्ये नसते. आहे की नाही, एवढंच. जगाने 'हॅकनी डायमंड्स'चं नेमकं हेच केलं. जॅगरने बारा गाणी आणली, आणि जगाने त्यावर शिक्का मारला, 'हयात आहे'. पुढचा!

यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं असतं. पण माझ्या घरात अण्णा आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. तेही 1943 चेच. जॅगरचं नाव त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलंय, तेही बहुतेक वेळा 'आवाज कमी कर' या वाक्याच्या आधी. अण्णा दर एकादशीला आमच्या भजनी मंडळात गातात. त्यांचं ऐंशीवं वर्ष लागल्यापासून प्रत्येक भजनानंतर कुणीतरी म्हणतंच, "काय आवाज आहे हो या वयात!" एकदा मीही म्हटलं. अण्णा पायातले मोजे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "वय माझं मला ठाऊक आहे, ते मी मोजतोच आहे. तू आवाजाचं सांग."

आता सांगा, याला उत्तर काय द्यायचं? परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाला ग्रेस मार्क देतात, ते त्याला पुढच्या वर्गात ढकलण्यासाठी. ऐंशीच्या माणसाला ग्रेस मार्क देऊन आपण त्याला कुठे ढकलत असतो? 'वयाच्या मानाने छान' या वाक्यात 'छान' हा शब्द असतो खरा. पण कर्जाच्या जाहिरातीत 'फक्त' असतो तसा.

माझे आजोबा बालगंधर्वांचे भक्त होते. पन्नाशी उलटल्यावरही गंधर्व शालू नेसून नायिका म्हणून उभे राहत. आजोबा सांगायचे, "मी डोळे मिटून घ्यायचो. पण सूर इकडचा तिकडे झाला की मला कळायचा, आणि मी शेजारच्याला सांगायचो." आजोबांनी डोळे मिटले, कान मिटले नाहीत. भक्तीला एवढी सवलत चालावी.

तर मीही डोळे मिटून, कान उघडे ठेवून अल्बम ऐकला. एकदा नव्हे, महिनाभर, डोंबिवली ते फोर्ट आणि परत. माझं मत असं.

माझ्या टेबलावर नमुना सह्यांचं काम असतं. माणसाची वीस वर्षांपूर्वीची सही एका बाजूला, आजची दुसऱ्या बाजूला. ऐंशीच्या माणसाची सही थरथरते. वेलांटी घसरते, शेवटची रेघ चौकटीबाहेर जाते. अशी सही पाहिली की आम्ही निर्धास्त असतो. पण ऐंशीच्या माणसाची सही वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी तंतोतंत जुळली, की आम्ही भिंग काढतो. कुणीतरी गिरवली असण्याचा संभव असतो.

या अल्बममधली बरीचशी गाणी मला गिरवल्यासारखी वाटतात. पहिलं 'अँग्री' घ्या. निर्माता अँड्र्यू वॉट हा 1990 सालचा जन्म, म्हणजे जॅगरच्या नातवाच्या वयाचा. त्याने सगळं घासूनपुसून असं लखलखीत केलंय, की दिवाळीला काढलेल्या पितळी भांड्यात तोंड दिसावं. आवाज बिनसुरकुतीचा, गिटार बिनधुळीची. 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये साक्षात पॉल मॅकार्टनी बास वाजवतो. पण तोही पंगतीला आलेल्या मोठ्या पाहुण्यासारखा वाटतो. आपण जेवणापेक्षा त्याच्याकडेच पाहत बसतो.

'लिव्ह बाय द स्वोर्ड'मध्ये गेलेला चार्ली ड्रम वाजवतो, तिथे मात्र मी गाडीत उतरायचं स्टेशन विसरतो. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' सात मिनिटांहून जास्त चालतं. गाणं संपलं असं वाटतं आणि जॅगर पुन्हा उठतो. इथे त्याचा आवाज ताणतो, फाटतो, चौकटीबाहेर जातो. सही त्याचीच! आणि शेवटचं गाणं आहे मडी वॉटर्सचं, 1950 सालचं, ज्यावरून या बँडने नाव घेतलं. त्यात फक्त जॅगर आणि कीथ. बाजा आणि गिटार. डार्टफर्ड स्टेशनवर काखेत होता तो माल साठ वर्षांनी दोघांनी उलगडून दाखवलाय. त्यावर मी डोळे मिटून शिक्का मारीन.

म्हणजे बारांपैकी चार उत्तम, चार बरी आणि चार नसती तरी चाललं असतं. 2025 साली या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तरी माझी बेरीज बदललेली नाही.

आमच्या हिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं बोलून त्या माणसाचं काय भलं होणार आहे? तो काय तुमचं मत विचारायला डोंबिवलीला येणार आहे?" बायकांचे प्रश्न वरवर घरगुती वाटतात, आत सगळं उपनिषद असतं. जो ऐकणारच नाही, त्याच्याबद्दल खरं कशासाठी बोलायचं?

मी दोन दिवस विचार केला. मग अर्थशास्त्राचं पहिल्या वर्षाचं पुस्तक उपयोगी पडलं. नोटा वाटेल तेवढ्या छापल्या की नोटेची किंमत जाते. मी बाराही गाण्यांना 'वा' म्हटलं, तर त्या शेवटच्या गाण्याला द्यायला माझ्याकडे काय उरलं? तिथे मला खरोखर भरून येतं; पण तोवर माझी 'वा' दोन पैशांची झालेली असते. या अल्बममध्ये कीथने एकट्याने म्हटलेलं एक गाणं आहे, 'टेल मी स्ट्रेट'. सरळ काय ते सांग. म्हातारी माणसं एवढंच मागत असतात, आणि आपण त्यांना शाल आणि श्रीफळ देतो.

जॅगरला सांगायची सोय नव्हती. अण्णांना होती. पुढच्या एकादशीनंतर मी म्हटलं, "अण्णा, पहिला अभंग सुरेख झाला. दुसऱ्यात वरच्या सुराला आवाज पोचत नव्हता. काळी दोन आता तुम्हाला चढते. काळी एकमध्ये गायलात तर शब्द मोकळे होतील."

अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. हिने माझ्याकडे असं पाहिलं, की चहात साखर नसल्याचं सांगायचं धैर्य मला झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून अभंग ऐकू आला. आवाज खाली होता, शब्द मोकळे होते. अण्णा टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "पेटीवाल्याला निरोप दे, यापुढे काळी एक."

मग देवघराकडे वळता वळता थांबले.

"आणि काय रे, तो तुझा जॅगर कुठल्या पट्टीत गातो?"