दस्तरखान कोणी उचलायचा?

रमजानची संध्याकाळ. आई आणि मुलगी असरच्या नमाजपासून स्वयंपाकघरात उभ्या आहेत. मुलगाही रोजेदार आहे. परंतु तो अजानच्या वेळी दस्तरखानावर येतो, इफ्तार करतो आणि मगरिबसाठी मस्जिदीकडे निघतो. उष्टी भांडी बहीण उचलते. त्याला कोणी हटकत नाही, कारण तो नमाजला चालला आहे.

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले की, प्रेषित (स.) घरात काय करीत असत? त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत. ही हदीस सहीह बुखारीत आहे. अन्य कथनांत स्वतःची पादत्राणे सांधणे, कपडे शिवणे यांचाही उल्लेख येतो. आपण मुलाला यातील नमाज शिकवली आणि घरकामातून मात्र परस्पर सूट देऊन टाकली!

मुलांकडून काम कसे करवून घ्यावे, हे हजरत अनस (रजि.) यांच्या बालपणातून कळते. सुमारे दहा वर्षांचे असताना ते प्रेषितांच्या (स.) सेवेत आले. एकदा त्यांना कामासाठी पाठविण्यात आले. तोंडाने ते ‘जाणार नाही’ म्हणाले, मनात मात्र जायचे होते. वाटेत बाजारात मुले खेळताना दिसली आणि पाय थबकले. इतक्यात मागून कोणी तरी मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे! ‘उनैस’ अशी लाडाची हाक मारून, सांगितले तिकडे गेलास काय, एवढेच त्यांनी विचारले. होय, आता जातोच, असे अनस (रजि.) म्हणाले. सहीह मुस्लिममधील या प्रसंगात काम रद्द झाले नाही, दुसऱ्यावर ढकलले गेले नाही आणि मुलाचा अपमानही झाला नाही. दहा वर्षांच्या सेवेत अनस (रजि.) यांना कधी ‘उफ’ असा शब्दही ऐकावा लागला नाही.

आमच्या घरात मुलाच्या हातून एक पेला फुटला की आवाज चढतो. ‘ठेव, तुला जमायचे नाही’ असे आपण रागाने म्हणतो. मुलगा मनातून खूश होतो आणि तो पेला पुढे आयुष्यभर त्याच्या उपयोगी पडतो.

आरंभ वडिलांनी करावा. इफ्तारनंतर स्वतःचे ताट त्यांनी स्वतः उचलावे, मुलाला हसून हाक मारावी. जमात चुकेल, अशी हरकत कोणी घेईल. ताट मोरीपर्यंत नेण्यास मिनिटभरही लागत नाही. आणि घासायची भांडी नमाजहून परतेपर्यंत तेथेच असतात.