बिनपगारी कारभारी

‘बिनपगारी, फुल अधिकारी’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. शाळेच्या कमिटीवर पगार न घेता बसणाऱ्यांना हा शब्द लावताना आम्हांस संकोच वाटतो, कारण आम्हीही त्यांतलेच. तरी प्रश्न उरतोच. जो फुकट राबतो त्याला जाब कोणी विचारायचा?

हे काम आपल्या समाजाला नवे नाही. कै. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाची शाळा काढली, तिच्यासाठी अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळवली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले. माझगावच्या त्या शाळेत आम्ही शिकलो. कमिटीवरची मंडळी ऑफिस सुटल्यावर मीटिंगला येत, एवढेच लहानपणी ठाऊक होते. त्यांना पगार नाही हे मोठेपणी कळले.

इथे इस्राएलमध्ये सरकारी प्राथमिक शाळेतील शिक्षक शिक्षण खात्याचे नोकर. पालकांची असते ती ‘वाद होरीम’. (मराठी कानाने हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा आम्ही हसलो होतो. नाव अगदीच चुकलेले नाही, हे पुढे कळले.) शिक्षक नेमणे वा काढणे तिच्या हाती नसते, पण मुख्याध्यापिका सहसा तिला दुखवीत नाही. कागदावर नसलेला अधिकार वापरणे तर फारच सोपे!

मुलगी चौथीत असताना आम्ही त्या कमिटीवर होतो. एका बाईंविषयी तक्रार आली, की त्या मुलांना सुटीनंतर अडकवून ठेवतात, बस चुकते. रात्रीचे दहा वाजलेले, सकाळी आमची ड्यूटी. पुढच्या वर्षी त्यांना वर्ग देऊ नये, अशा पत्रावर सर्वांनी सह्या केल्या, आम्हीही केली. बाईंना बोलावून विचारावे असे कोणाच्याही मनात आले नाही. त्यांना वर्ग मिळाला नाही. मग समजले, की वाचायला अडखळणाऱ्या चार-पाच मुलांना त्या स्वतःच्या वेळात बसवून शिकवीत होत्या. आमच्या मुलीला त्याची गरज नव्हती, म्हणून आम्हांला ते दिसलेच नाही.

वॉर्डात चुकीचे औषध दिले गेले तर चार्टवर वेळ असते, सही असते, मेट्रन बोलावून घेते. त्या पत्राबद्दल आम्हांला कोणीही बोलावले नाही. उलट वर्षअखेरीस फुले मिळाली. आपण वेळ देतो, झोप मोडतो, म्हणजे आपला हेतू चांगलाच, असे स्वतःलाही वाटू लागते आणि इतरांना विचारण्याची भीड पडते. पगारी माणसाला निदान पगार तोडण्याचा धाक असतो.

मग पगार द्यावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. पैसे घेणारा पैसे देणाऱ्याकडे पाहू लागतो. परंतु कमिटीवरचा माणूस कोणाकडे पाहतो? आम्ही आमच्या मुलीकडे पाहत होतो. हे स्वाभाविक आहे, आणि घोटाळा तिथेच आहे.

माझगावच्या शाळेत आता आपली मुले नावालाच, बहुतेक मुले इतर धर्मांची. शाळेच्या अशा दिवसांत कारभार वाहणाऱ्यांना काय मिळते? ना स्वतःचे मूल बाकावर, ना नातवंड. मुंबईला गेलो की काहीजण म्हणतात, आता कोणासाठी चालवायची ती? आम्ही वाद घालत नाही. पण आम्हांला वाटते, केहीमकरांच्या वेळेपेक्षा हे अवघड काम आहे, कारण ते आपल्याच मुलांसाठी झटत होते.

त्या बाई पुढे एकदा आमच्या कुपात होलीममध्ये रक्त द्यायला आल्या. आम्ही सुई टोचली, कापूस दाबून धरायला सांगितला. त्यांनी आम्हांला ओळखले नाही, आणि आमच्या तोंडून काही निघाले नाही.