अग्नी न पाहिलेला लाडू

सासष्टीतील आमच्या शेजारणीकडून नाताळाच्या दिवशी ताट येते. विणलेल्या रुमालाखाली नेवऱ्या, कलकल, दोदोल, पेराद आणि बेबिंकाचे दोन तुकडे, असा त्याचा ठरलेला थाट. चतुर्थीला आमच्या घरून तिच्याकडे जातात त्याही नेवऱ्याच. सारण कोणाचे सरस, हा वाद दोन्ही घरे वर्षानुवर्षे प्रेमाने जिवंत ठेवीत आली आहेत. गेल्या नाताळात मात्र ताटाच्या कडेला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर निराळे ठेवलेले, कोकोच्या रंगाचे सहा लहान लाडू होते. ताट हाती देताना शेजारीण म्हणाली, "वैनी, ह्या लाडवांत रम आसा हां. भुरग्यांक दिवं नाकात."

ते लाडू दोन दिवस फडताळात राहिले आणि घरात तेवढेच दिवस शास्त्रार्थ चालला. थेंबभर मद्य लाडवात शिरले म्हणजे तो लाडू राहिला की मद्य झाला?

प्रथम वस्तू पाहू. या जातीचा लाडू अमेरिकेतील केंटकी प्रांतात विशेष नावाजला. तेथील फ्रँकफर्ट गावी रूथ हॅन्ली आणि रिबेका गूच या दोन शिक्षिकांनी १९१९ साली मिठाईचा व्यवसाय सुरू केला. पुढच्याच वर्षी त्या देशात दारूबंदी आली. ती १९३३ साली उठली आणि १९३८ साली रूथबाईंनी बूर्बन नावाची व्हिस्की घातलेली मिठाई सिद्ध केली. तिच्यावर चॉकलेटचा लेप असे. गृहिणींनी घरोघर केलेला प्रकार याहून सोपा. अडीच वाट्या बिस्किटांचा चुरा, वाटीभर अक्रोडासारख्या पिकॅन फळांचे तुकडे, वाटीभर पिठीसाखर, दोन चमचे कोको, थोडा मक्याचा पाक आणि पाव वाटी बूर्बन किंवा रम, एवढे एकत्र मळून लाडू वळावयाचे, साखरेत घोळावयाचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस मुरू द्यावयाचे. चूल पेटवावी लागत नाही. गोव्यात पिकॅनच्या जागी काजू आले आणि बिस्किटांच्या जागी पुष्कळदा उरलेल्या केकचा चुरा आला, इतकाच फरक.

चूल पेटत नाही, येथेच खरी मेख आहे. आपल्या लोकांची अग्नीवर मोठी श्रद्धा. भट्टीत गेले ते शुद्ध झाले, असे म्हणून आमच्या ओळखीचे कित्येक सोवळे गृहस्थ नाताळाचा केक निर्धास्त खातात. पण अमेरिकन सरकारच्या कृषिखात्याचे कोष्टक वेगळेच सांगते. पंचवीस मिनिटे भाजलेल्या पदार्थात मद्यार्काचा शेकडा ४५ भाग शिल्लक असतो. अडीच तास मंद उकळल्यावरही ५ उरतो. आणि न तापविता रात्रभर ठेवलेल्या पदार्थात ७० उरतो. अग्नी न पाहिलेला हा लाडू त्यामानाने प्रामाणिक म्हणावयाचा! आमचा हिशेब सांगतो. पाव वाटी म्हणजे ६० मिलिलिटर रम, तिच्यात शेकडा ४० मद्यार्क, म्हणजे २४ मिलिलिटर. चाळीस लाडू वळले, तर प्रत्येकात काहीही उडून न जाता सुमारे बारा थेंब.

बारा थेंबांनी नशा येत नाही, हे खरे. पण धर्मशास्त्राने प्रश्न नशेवर सोडलेला नाही. मनुस्मृती सुरापान महापातकांत धरते आणि सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगते. रम उसाच्या मळीची, म्हणजे गौडीच्या कुळातली. बूर्बन निदान शेकडा ५१ मक्याची, म्हणजे पैष्टीची बहीण. शब्दाला धरून चालणाऱ्याला पळवाट नाही. मात्र तीच स्मृती अजाणता झालेल्या पानाला वेगळे प्रायश्चित्त सांगते, जाणून केलेल्याला वेगळे. जाणतेपणाला शास्त्रानेच वजन दिले आहे, हे आमच्या सोवळ्या मित्रांनी विसरू नये. शिवाय उज्जैनच्या काळभैरवाला मद्याचाच नैवेद्य चालतो, आणि आमच्या गोव्यातही गावच्या राखणदाराला फेणी अर्पण होते, तेथे कोणी नाक मुरडीत नाही. एका देवळात जो प्रसाद, तोच दुसऱ्या देवळाच्या पायरीवर निषिद्ध. म्हणून विचार वस्तूपाशी संपत नाही. स्थान, अधिकार आणि घेतलेले व्रत यांपर्यंत तो न्यावा लागतो.

कायद्यालाही हा पेच पडला होता. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधनेही कवेत घेतली होती. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द ठरविला. खोकल्याच्या औषधातून मद्यार्क घोटणारा मनुष्य लाडवाला स्पर्श करीत नाही, याला आम्ही ढोंग म्हणणार नाही. औषध आणि चैन यांत भेद आहेच. ढोंग म्हणावयाचे ते काळोखात पेला घेऊन उजेडात लाडू परतविणाऱ्याला.

आणि एक माणूस या सगळ्या वादात कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्याने कष्टाने पिणे सोडले आहे, त्याला ते बारा थेंब बारा थेंब नसतात. नुसत्या वासाने त्याची जुनी तहान जागी होऊ शकते. त्याच्यापुढे न सांगता हा लाडू ठेवणे, मग यजमान हिंदू असो की ख्रिस्ती, हे आम्हांला सुरापानाहून मोठे पातक वाटते. मोजण्यासारखे काही असेल तर ते थेंब नव्हेत; देणाऱ्याने सांगितले की नाही, आणि घेणाऱ्याने नकार देताना समोरच्याचा मान राखला की नाही, एवढेच. बडोद्याचे आमचे वाचक म्हणतील, आमच्याकडे गुजरातेत अजून दारूबंदी आहे, आमचा प्रश्न कायद्यानेच मिटला. बाजारापुरता मिटला असेल. परगावच्या स्नेह्याने आणलेला डबा उघडताना तो पुन्हा उभा राहतोच.

आमच्या शेजारणीने लाडू वेगळ्या पानावर ठेवले आणि तोंडाने सांगितले. मुकाट्याने दिले असते, तर आमचे काहीच बिघडले नसते, कारण आम्हांला कळलेच नसते. पण पुढल्या वर्षी तिच्या नेवरीकडेही आम्ही संशयाने पाहिले असते.

शेवटी घरातील दोघांनी एकेक लाडू खाल्ला. व्रतस्थांनी खाल्ला नाही, आणि त्यांना कोणी हसले नाही. उरलेले चार आम्ही केराच्या डब्यात न टाकता संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर परत नेले आणि कारण सरळ सांगितले. ती रागावली नाही. पुढच्या नाताळात थोडे लाडू संत्र्याच्या रसात वळीन, म्हणाली, आणि ताट धुऊन घेण्यासाठी आत गेली.