मापाचा ब्लाउज

'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी' ही बीबीसीवरची स्पर्धा घरी शिवणकाम करणाऱ्या हौशी माणसांची. शिक्षक, डॉक्टर, निवृत्त झालेल्या आज्या, कोणीही तिच्यात उतरू शकतं. 2013 साली ती सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी जिंकल्या त्या ॲन रोली 81 वर्षांच्या होत्या. दर भागात तीन फेऱ्या असतात. पहिलीत सगळ्यांना एकच कागदी पॅटर्न देतात. दुसरीत जुन्यापान्या कपड्यांतून दीडेक तासात काहीतरी नवं उभं करायचं असतं. या दोन्ही फेऱ्यांतले कपडे पुतळ्यावर चढवून तपासतात. तिसऱ्या फेरीत मात्र जिवंत माणूस समोर येतं आणि त्याच्या अंगावर कपडा बसवावा लागतो. मग पॅट्रिक ग्रँट आणि एस्मे यंग हे परीक्षक त्या माणसाभोवती फिरतात, खांद्यावरची शिलाई बघतात, पाठीवर पडलेली चुणी बघतात. पुतळा वाकत नाही, श्वास घेत नाही, त्याला कुठं काचत नाही. म्हणून मला ही तिसरी फेरीच खरी परीक्षा वाटते, आणि पुढची गोष्टही तिसऱ्या फेरीचीच आहे, जरी ती घडली एका घरात.

इंग्लंडमध्ये रेडिंग गावात एक मराठी सून राहत होती. नोकरी सॉफ्टवेअरची. 2020 च्या टाळेबंदीत तिने शिलाई मशीन घेतलं. त्या दिवसांत तिकडे कितीतरी बायका घरी बसून इस्पितळांसाठी कपडे आणि मास्क शिवत होत्या, तिनेही शिवले. सोइंग बीचा नवा हंगाम नेमका तेव्हाच लागला आणि तिला त्याचं वेड लागलं ते लागलंच. तीन वर्षांत कोटापासून परकर-पोलक्यापर्यंत तिचा हात बसला. मापं कमीजास्त करता येणारा एक पुतळाही घरात आला. आता स्पर्धेत उतरायचं तिने मनावर घेतलं होतं. अर्जासोबत पाठवायला चांगल्या कपड्यांचे फोटो हवे होते.

2023 च्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. हॅरोला नात्यातलं बारसं ठरलं होतं. सुनेला वाटलं, दोन्ही कामं एकात होतील. आईंसाठी खणाचा ब्लाउज शिवायचा. ब्रिटिश परीक्षकांनी असं कापड क्वचितच पाहिलं असेल.

"आई, तुम्हाला चांगला बसणारा एखादा ब्लाउज द्या ना. मापाला."

सासूबाईंनी बॅगेच्या तळातून एक मोतिया रंगाचा ब्लाउज काढून दिला. मुलाच्या लग्नातला. घडी अजून करकरीत होती.

खण बेतणं म्हणजे डोक्याला काम. कापडाचा पन्हा अरुंद, दोन्हीकडे काठ, मधे बारीक बुट्टी. काठ बाहीला आला पाहिजे, उजवीकडची बुट्टी डावीकडच्या बुट्टीसमोर आली पाहिजे, आणि कात्री एकदा चुकली तर परत फिरायला कापड नाही. सुनेने पुतळा मोतिया ब्लाउजच्या मापाला लावून घेतला. प्रिन्सेस कट, मागे खोल गळा, आत अस्तर, गळ्याला पायपिंग. रात्री जागून तिने तो पुरा केला. पुतळ्यावर चढवला तेव्हा खरंच डोळ्यांत भरत होता. दोन्ही बाजूंच्या बुट्ट्या आरशात पाहिल्यासारख्या जुळल्या होत्या.

मग तिने तो आईंना घालायला दिला.

उजवी बाजू जशीच्या तशी बसली. डावीकडे कापड रिकामंच उभं राहिलं आणि मग आत मोडलं. डाव्या मुंढ्यात दंड अडकला. सासूबाईंचं डावीकडचं स्तन तीन वर्षांपूर्वी काढलं होतं. ऑपरेशन झालं तेव्हा विमानं बंद होती. मुलगा-सून इकडे अडकून पडले होते आणि सगळं काही फोनवर कळलं, फोनवरच 'आता बरंय हो' झालं. तेव्हापासून सासूबाई ढगळ ब्लाउज घालत, डावीकडे रुमालाची घडी सारत आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेत. सुनेला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? माहीत होतं. पण मापं घेताना तिने आईंना हात लावला नव्हता. लग्नातल्या ब्लाउजला लावला होता.

"सुरेख झालाय गं," सासूबाई म्हणाल्या आणि पदर ओढून घेतला. "पदराखाली कोण बघतंय."

सुनेने तो ब्लाउज पुन्हा पुतळ्यावर चढवला, दिव्याची दिशा बदलली आणि अर्जासाठी फोटो काढला. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत, भाजी निवडायला गेल्या.

इथं सुनेला वाईट ठरवणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. हातात कसब आलं की माणूस कामाकडे बघायला लागतो आणि ज्याच्यासाठी काम चाललंय तो नजरेआड होतो. हे स्वयंपाकात होतं, डॉक्टरकीत होतं, शाळेत तर रोज होतं.

बुधवारी रात्री नऊला सोइंग बी लागली. बाहेर अजून उजेड होता. सासूबाईंना इंग्रजी बोलणं फारसं कळायचं नाही, पण शिवण कळायची. तरुणपणी त्यांनीही घरातली झबली-टोपडी शिवली होती. त्या वर्षीच्या स्पर्धकांत आस्मा अल-अल्लाक नावाची एक बाई होती. पुढे तीच त्या हंगामाची विजेती ठरली. कपड्यावर सुई चालवताना तिचा हात जराही घाई करत नव्हता.

"ही कोण गं? फार नेटकं काम आहे हिचं."

"डॉक्टर आहे, आई. वेल्समध्ये सर्जन आहे." सून जरा अडखळली. "ब्रेस्ट सर्जन. तुमचं झालं ना, तसली ऑपरेशनं करते."

सासूबाई टीव्हीकडे बघत राहिल्या. पडद्यावर त्या बाईने मॉडेलला काहीतरी विचारलं, काखेजवळची टाचणी काढली आणि दुसरीकडे लावली.

"मग तिला ठाऊक असेल," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"टाके वाळल्यावर ब्लाउज कुठं टोचतो ते."

दुसऱ्या दिवशी सुनेने सुट्टी टाकली. मुलगा कामाला गेल्यावर तिने टेप, टाचण्या आणि वही काढली आणि विचारलं, "आई, मला दाखवाल?" सासूबाईंना नाही म्हणायला पूर्ण मोकळीक होती, आणि थोडा वेळ त्या तेच म्हणणार असं वाटलंही. मग त्यांनी खिडकीचा पडदा सारला.

व्रण छातीच्या मधल्या हाडापासून तिरका काखेपर्यंत गेला होता. त्याच्या वरच्या भागाला बोट लावलेलंही कळत नव्हतं, आणि दोन बोटं खाली कापड घासलं तरी सहन होत नव्हतं. प्रिन्सेस कटची शिलाई नेमकी तिथूनच गेली होती. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात दिवसभरात जड होत जायचा. सुनेने दंडाचं माप सकाळी घेतलं, पुन्हा संध्याकाळी घेतलं. संध्याकाळी तो चांगलाच भरला होता. मागचे हूक लावायला डावा हात पाठीमागे जातच नव्हता. तीन वर्षं हे सगळं पदराखाली होतं आणि ज्या बाईकडे त्या सांगलीत ब्लाउज टाकत, तिने एकदाही विचारलं नव्हतं. आपल्याकडे बायकांच्या कर्करोगांत स्तनांचाच सर्वाधिक आढळतो. इतक्या बायका त्यातून बऱ्या होऊन घरी येतात, आणि त्यांना नीट बसणारा साधा ब्लाउज मिळू नये, याचा मला मनापासून राग येतो.

"लग्नातला का दिलात मग?" सुनेने विचारलं.

"तूच म्हणालीस, चांगला बसतो तो दे. तोच बसायचा."

सुनेने खणाचा ब्लाउज पूर्ण उसवला. उजवी बाजू राहू दिली. डावी वेगळी बेतली: तिला टक नाही, कट नाही, व्रणावरून जाणारी एकही शिलाई नाही. डावा मुंढा खोल केला आणि बाहीला संध्याकाळच्या दंडाचं माप धरून वर माया सोडली. हूक पुढे आणले. आतलं अस्तर काढून मऊ मलमल लावली, शिलायांचे दाब बाहेरच्या अंगाला वळवले, आणि डावीकडे मलमलीतच एक खिसा केला. त्यात बसवायला कापडाची उशी. पहिली उशी नुसत्या कापसाची केली, तर ती हात वर केला की सरकून गळ्याशी यायची.

"वजन नाही तिला," सासूबाई म्हणाल्या. "मूठभर मोहरी घाल तळाशी."

"मोहरी?"

"धुताना उशी काढून ठेवायची. खिसा आहे ना तुझा."

मोहरी घातली. उशी जागच्या जागी राहिली. कापड मात्र कमी पडलं. डाव्या काखेखाली एक तुकडा जोडावा लागला आणि तिथली बुट्टी काही केल्या समोरच्या बुट्टीशी जुळेना. आधी सुनेला ती एक जागा रात्रभर खुपली असती. आता ती दर अर्ध्या तासाला आईंना उभं करत होती, हात वर करा, वाका, त्या फडताळावरचा डबा काढा, असं म्हणत होती आणि बोट घालून बघत होती की कुठं ओढतंय. सासूबाई कंटाळल्या तेव्हा थांबली. चहा करून परत बसली.

बारशाला सासूबाई इरकल नेसल्या आणि पदर एकाच खांद्यावर घेतला. बाळाला पाळण्याखालून वर देताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या जावेने काठाला हात लावून विचारलं, "सांगलीला शिवलास?"

"नाही, घरी."

अर्जातला पुतळ्याचा फोटो सुनेने काढून टाकला. त्याऐवजी कोणता लावायचा हे ती विचारत होती, तर सासूबाई म्हणाल्या, "माझा लाव की. आणि मान कापू नकोस, तोंड येऊ दे." सुनेने तसाच पाठवला. सोबत ब्लाउज उलटा करून आतला खिसाही दाखवला. निवड झाली नाही. त्याचं तिला वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

बारशात भेटलेली एक बाई पुढच्या शनिवारी रेडिंगला आली. पन्नाशीची, अंगावर सैल स्वेटर, हातात पिशवी. सोफ्यावर बसल्या बसल्या तिने पिशवीतून इस्त्री केलेला एक ब्लाउज काढून पुढे केला.

"हा मापाचा आणलाय."

सुनेने तो घेतला आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवला. सासूबाई उठून खिडकीचा पडदा सारायला गेल्या.

"माप नंतर घेऊ," सून म्हणाली. "आधी सांगा, कुठं टोचतं?"