गढूळ पाण्याचं माहेर

ट्रॅकिफिलिया नावाचं एक प्रवाळ आहे. हौशी लोक त्याला ब्रेन कोरल म्हणतात. मेंदूला असतात तशा वळ्या, रंग हिरवा नाहीतर लालसर. प्रकृती ठीक असली की दिवसा ते पाणी घेऊन टम्म फुगतं, इतकं की मांसाखालचा चुन्याचा सांगाडा दिसतच नाही. आजारी पडलं की तेच मांस आकसतं आणि सांगाड्याच्या दातेरी पांढऱ्या कडा उघड्या पडतात. न्यू जर्सीत राहणारी माझी धाकटी बहीण दुकानाच्या कोपऱ्यात कमी किमतीला ठेवलेली असली प्रवाळं मुद्दाम घरी आणते आणि आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवते.

आजारपण समोर दिसलं की आपल्या हातांना स्वस्थ बसवत नाही. भरपूर उजेड द्यावा, पाणी काचेसारखं निर्मळ करावं, बाटलीतलं काही औषध ओतावं, जागा बदलून बघावी असं वाटतं. हेतू चांगलाच असतो. पण या प्रवाळाच्या बाबतीत यातल्या बहुतेक गोष्टी त्याला आणखी खाली नेतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

उजेडाचंच घ्या. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. सूर्यप्रकाशावर ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही प्रवाळांची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत त्यातूनच भागते. म्हणून आजाऱ्याला जास्त उजेड द्यावा हा विचार सरळ वाटतो. पण यजमान दुबळा झालेला असताना प्रखर उजेड पडला तर शैवालाची अन्न बनवण्याची यंत्रणाच बिघडते आणि ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात. मग ज्याच्या जिवावर जगायचं त्या शैवालालाच प्रवाळ बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. म्हणून असं एक आजारी ट्रॅकिफिलिया घरी आणल्यावर बहिणीनं पहिलं काम केलं ते दिवा मंद करण्याचं. प्रवाळ खडकावर न चढवता वाळूवर, सावलीच्या बाजूला ठेवलं आणि घरात सांगून टाकलं, ‘याला आता कुणी हात लावायचा नाही.’

पाण्याचं प्रकरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की टाकीत शेवाळ माजतं, म्हणून ते शून्यावर आणण्याचा ध्यास हौशी मंडळींनी बरीच वर्षं घेतला होता. पण पेशींतल्या शैवालालाही तीच द्रव्यं लागतात. ती पुरती काढून टाकली की आतलं शैवाल उपाशी मरतं आणि पाणी निर्दोष असूनही प्रवाळ फिकट होत जातं. ट्रॅकिफिलियाला तर हे विशेष लागू. त्याचं माहेर चित्रातल्या निळ्याशार पाण्यात नाहीच. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांलगत, खडकाळ प्रवाळभिंतींपासून थोडं दूर, वाळू-चिखलाच्या मऊ तळावर ते सुटं पडून राहतं. वरून येणारा उजेड गाळातून गाळून येतो, आणि त्याच पाण्यातून खाणंही येतं.

आपल्याला हे नवल वाटायचं कारण नाही. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेच; सागरी किनारा रस्त्याच्या कामाआधी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. कठीण प्रवाळाला २००१ पासून भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून घरच्या टाकीत ठेवणं हा गुन्हा ठरतो. तो असायलाच हवा.

टाकी सांभाळताना समुद्राकडे बघण्याची ही दृष्टी नवी नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली होती. समुद्राचं पाणी, जिवाणूंनी भरलेले समुद्रातले खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते समुद्री जीव पाळत. आज यंत्रं कितीतरी वाढली आहेत, तरी त्या माणसाची नजर मला मोलाची वाटते. त्यांनी आधी समुद्राकडे पाहिलं आणि मग टाकीकडे.

बहिणीचं रोजचं काम कंटाळवाणं वाटावं असं आहे. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं, गाळलेलं पाणी रोज भरायचं. तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवायचं. पाण्याची अल्कलिनिटी मोजायची, कारण सांगाड्याचा चुना त्यावरच अवलंबून असतो. हा आकडा ८ असो की ९, प्रवाळ सांभाळून घेतं. पण एका रात्रीत ७ वरून १० वर नेला तर मांस सोलून निघू शकतं. माशांच्या रोगांवरची तांबं असलेली औषधं तर या टाकीत वर्ज्यच. माशाला वाचवणारी मात्रा प्रवाळाला मारते.

आणि रात्रीचं जेवण. दिवे मालवल्यावर वळ्यांच्या कडेनं बारीक पारदर्शक शुंडके बाहेर येतात. तेव्हा ती पंप बंद करते, गोठवलेल्या बारीक मायसिस कोळंब्या वितळवून पिपेटनं त्यांच्यावर अलगद सोडते आणि लगेच बूड कापलेली प्लॅस्टिकची बाटली त्यावर उपडी घालते. नाहीतर टाकीतली कोळंबी येऊन प्रवाळाच्या तोंडातला घास ओढून नेते. शुंडके घासाला चिकटतात, कडा आत वळते, मधलं तोंड सावकाश उघडतं. एक मायसिस आत जायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ ती बाटली धरून उभी असते.

काही महिन्यांनी फरक दिसू लागला. स्वच्छ राहिलेल्या सांगाड्यावर आधी कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ थर सरकला, मग त्याला रंग आला. जिथं आधीच हिरवं शेवाळ बसलं होतं तिथं मात्र मांस चढलं नाही. तेवढी कड अजून उघडीच आहे. बहीण त्याला पूर्ण बरं झालेलं म्हणत नाही. दिव्याचा उजेड ती आता थोडाथोडा वाढवते आहे, आणि दुपारी त्याची फूग कमी दिसली की पुन्हा उतरवते. दुकानात याहून वाईट अवस्थेतलं एक प्रवाळ तिनं हेरून ठेवलंय. ते आणायचं की नाही, हे तिनं या आधीच्या प्रवाळावर सोपवलं आहे.